बत्तीसचा खटका

“खटका वर हाय, पर मशीन मेलंय,” गंगाक्का म्हणाल्या. “तू तेवढा बत्तीसचा खटका बसव आन जा. मला बोलायला येळ न्हाय.”

मी अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. जळकोटला हायवेपासून थोडं आत त्यांचं घर. नवरात्र चाललेलं. ओसरीत पिठाची पोती, गल्लीतल्या बायका पदर खोचून बसलेल्या, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या हातातल्या पिशवीवर. बत्तीसचा ब्रेकर त्या पिशवीत होताच. नसता तर बरं झालं असतं. “संपलाय” म्हणून सांगता आलं असतं आणि पुढची वादावादी वाचली असती.

माझं नाव शकिला. नळदुर्गला स्टँडजवळ आमचं दुकान आहे. अब्बा जळालेल्या मोटारी भरून द्यायचे, म्हणजे रिवाइंडिंग. त्यांच्याशेजारी बसून तांब्याची तार गुंडाळत मी मोठी झाले. मग आयटीआय केलं, लायसन्स काढलं, आणि आता घरांचं वायरिंग घेते. कामावर गेले की लोक अजून विचारतात, “मालक कुठायत?” मी सांगते, मालक घरी भाजी निवडतायत, तुम्ही माझ्याशी बोला. गंगाक्कांनी मात्र कधी असं विचारलं नाही. त्यांना काम होण्याशी मतलब, करणारा कोण ते त्या बघत नाहीत.

त्यांचा धंदा कडक भाकरीचा. ज्वारीची पातळ भाकरी खुटखुटीत होईपर्यंत भाजायची, मग ती कितीतरी दिवस टिकते. नवरात्रापासून कोजागिरीच्या पौर्णिमेपर्यंत लोक पायी तुळजापूरला जातात, आणि ही भाकरी त्यांच्या पिशवीत असतेच. तामलवाडीच्या रस्त्यावर एकजण दरसाल स्टॉल टाकतो. त्याला भाकरी पुरवायची ती गंगाक्कांनीच. पण थापून थापून त्यांचा उजवा खांदा धरला. हात डोक्याच्या वर जाईना. डॉक्टरनं थापणं बंद करायला सांगितलं. म्हणून त्या वर्षी त्यांनी मशीन घेतलं. एक पीठ मळायचं, मोटारीवर चालणारं. दुसरं भाकरी दाबून भाजायचं, दोन तापणाऱ्या तव्यांचं.

“खांदा गेला,” त्या मला म्हणाल्या. “आता मशीन बी गेलं तर तामलवाडीवाला दुसरीकडं जाईल. एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत न्हाय. ह्या बायकांनी मग काय करायचं?”

हे मला पटत होतं. म्हणूनच मी बोर्डाकडं गेले. नाहीतर मशीन मेलंय म्हणणाऱ्याला मी आधी प्लग बघा म्हणून सांगते.

झाकण उघडलं आणि बघतच राहिले. खटक्याच्या दांड्याखाली कडब्याच्या धाटाचा एक तुकडा ठोकून बसवला होता. दांडा खाली पडू नये म्हणून टेकू.

“हे कुणाचं डोकं?”

अण्णा, म्हणजे गंगाक्कांचे मालक, दाराशी उभे होते. ते खाकरले. “सारखा पडायला लागला. म्हणलं जरा आधार द्यावा.”

“अण्णा, हा काय गोठ्याचा वाकलेला मेढा आहे आधार द्यायला?”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अण्णा हसले नाहीत. त्यांना आपलं डोकं चाललं याचा अभिमान होता, आणि तो मी सगळ्यांच्या देखत मोडला.

आता ही गोष्ट समजून घ्या, कारण धाटाचा तुकडा नसला तरी पेन्सिल, चमचा, रबर असलं काहीतरी मी पुष्कळ घरांत बघितलंय. ज्याला आपण खटका म्हणतो तो एमसीबी. ठरल्यापेक्षा जास्त करंट गेला की तो आपला आपण पडतो. बाहेरचा दांडा तुम्ही दाबून धरला, बांधून ठेवला, तरी आतला जोड सुटतोच. बनवणाऱ्यांना अण्णांसारखी माणसं माहीत असणार. म्हणून इथं दांडा वर दिसत होता आणि मशीनला मात्र करंट नव्हता.

मी टेकू काढला. दांडा पूर्ण खाली ओढला आणि मग वर केला. तव्यांचे लाल दिवे लागले.

“झालं की,” गंगाक्का म्हणाल्या. “आता बत्तीसचा लाव, म्हंजी परत पडायचा न्हाय.”

“तो का पडतोय ते आधी बघू द्या.”

“का पडतोय ते मला ठावं हाय. ल्हान हाय म्हनून पडतोय. लेकराला चड्डी तंग झाली की मोठी घेतो, तसा मोठा घे.”

मी क्लॅम्प मीटर काढला. हा चिमट्यासारखा असतो, वायरीभोवती नुसता अडकवायचा, आतून किती करंट चाललाय ते तो दाखवतो. दोन्ही तवे चालू, मळायचं मशीन चालू. मीटर तेवीसवर जाऊन थांबला. खटका होता सोळाचा. तेवीस ॲम्पियर चालवल्यावर सोळाचा खटका लगेच पडत नाही. थोडा वेळ सोसतो, तापतो, मग पडतो. झटक्यात पडला असता तर कुठंतरी शॉर्ट आहे असं मी म्हटलं असतं. हा दमानं पडत होता, म्हणजे ओझं जास्त. गंगाक्कांचं म्हणणं तिथपर्यंत बरोबरच होतं.

“मग लाव की बत्तीसचा.”

“अक्का, खटका मशीनसाठी नसतो. वायरीसाठी असतो.”

“म्हंजी?”

“मशीन पाहिजे तेवढं ओढून घेणार. त्याला कुणी विचारत नाही. पण भिंतीतल्या वायरीला तेवढं झेपलं पाहिजे. नाही झेपलं तर ती तापते. ती तापायच्या आत करंट तोडायचा, एवढंच खटक्याचं काम. बत्तीसचा लावला तर वायर भाजत राहील आणि खटका गप बघत बसेल.”

वायरीचं माप तांब्याच्या जाडीवर. दीडची, अडीचची, चारची, सहाची, असं आम्ही म्हणतो. घरात पाइपातून नेलेल्या वायरीचा ढोबळ हिशेब असा: दीडच्या वायरीला दहाचा खटका, अडीचला सोळाचा, फार तर विसाचा, चारला पंचविसाचा, सहाला बत्तीसचा. वायर लांब असली, एका पाइपात खूप कोंबल्या असल्या, तर त्याहून खाली उतरायचं. वर कधी चढायचं नाही.

“तुझं शास्त्र तुझ्यापाशी ठेव,” गंगाक्का म्हणाल्या. “न्हाय लावत तर सांग. स्टँडवरनं कुणीबी येऊन लावून जाईल.”

“लावून जाईल. मग धूर निघाला की त्यालाच फोन करा.”

मी पिशवीची चेन ओढली. माझा राग असाच आहे, नाकावर बसलेला. गंगाक्काही काही कमी नाहीत. दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिलो. मधे सुनेनं, सुवर्णानं, तांब्या-पेला आणून माझ्या हातात दिला. पाण्यानं राग जातो असं नाही, पण पेला तोंडाला लावलेला असताना भांडता येत नाही.

पाणी पिऊन मी म्हणाले, “बरं. अडीचची वायर आहे असं बोर्डात दिसतंय. दुसरं टोक बघते. मग काय ते ठरवू.”

मशीन मागच्या पत्र्याच्या खोलीत होतं. मेन बंद करून तिथला प्लगचा पॉइंट मी भिंतीतून उघडला. बोर्डात वायर लाल होती, जाडजूड. इथं बाहेर आली ती पिवळी, बारीक. दीडचीसुद्धा जेमतेम.

वायर रंग बदलत नाही. मधे कुठंतरी जोड होता.

“अण्णा,” मी हाक मारली. “ही पिवळी कुठली?”

अण्णांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, “ती खोली मागनं काढली. वायर थोडी कमी पडली. लग्नातल्या मांडवाची उरल्याली व्हती ट्रंकंत. चांगली नवीकोरी व्हती, पोरी.”

“जोड कुठं दिलाय?”

“पॅसेजच्या भिंतीत. देवघराच्या मागं. टेप लई गुंडाळली. वरनं गिलावा केला, मग रंगवाल्यानं रंग दिला. कुठं दिसत बी न्हाय.”

दिसत नाही हेच तर वाईट. जोड द्यायचाच असेल तर तो उघडता येईल अशा डब्यात द्यायचा. पिळून, टेप लावून भिंतीत पुरलेला जोड ढिला होतो, आणि ढिला जोड सगळ्यात जास्त तापतो. बोर्डाकडचं टोक बघून मी खटका विसाचा करून ओझं थोडं कमी करायला सांगायचा विचार करत होते. आता कळलं की या वायरीला सोळाचासुद्धा जास्त आहे. सगळ्या रस्त्यात जी वायर सगळ्यात बारीक, तिचंच माप धरायचं.

पॉइंट परत बसवून मेन चालू केलं आणि जोड किती तापतो ते बघायला मी मशीन पुन्हा चालवायला सांगितलं. बायकांनी भाकऱ्या काढायला सुरुवात केली. मी पॅसेजमध्ये गेले. भिंतीच्या पलीकडं देवघर, अलीकडं भिंतीला टेकून तयार भाकरीच्या चवडी, कागदात बांधलेल्या, कमरेएवढ्या उंच. कडक भाकरी म्हणजे काय, पेटायला काडीसुद्धा बास.

मी भिंतीला तळहात लावला. भिंत गरम होती. ऊन लागून तापलेल्या भिंतीसारखी नाही. एकाच ठिकाणी, चपातीएवढ्या जागेत.

“ती दिव्याची ऊब हाय, ताई,” सुवर्णा मागून म्हणाली. “घट बसल्यापास्नं हाय.”

गंगाक्काही आल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. “आईचा नंदादीप हाय पलीकडं. नऊ दिस इझू द्यायचा न्हाय. भिंत तापनारच. आमी जाता येता तिथं हात लावून पाया पडतो.”

देवघराच्या दाराची चौकट ओलांडली नाही, बाहेरूनच मी आत बघितलं. घट बसलेला, मातीत धान्य उगवून आलेलं, वर फुलांची माळ, आणि भिंतीला लागून पितळेचा दिवा जळत होता. जोड ज्या जागी होता त्याच्या अगदी जवळ. आणि मशीन कधी सुरू केलं? मी विचारलं. सुवर्णा म्हणाली, चांगला दिवस म्हणून घट बसले त्याच दिवशी नारळ फोडून. दोन्ही एकाच दिवशी सुरू झालं, म्हणून कुणाला शंका आली नाही. माझ्या घरात असं झालं असतं तर मलाही आली नसती.

मी मुसलमानाची लेक. दुसऱ्याच्या देवाजवळ उभं राहून बोलताना जीभ सांभाळावी हे मला कळतं. ही ऊब देवीची नाही, अण्णांच्या टेपची आहे, हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

“अक्का, दिव्याला काही करायचं नाही. तो जळू द्या. मशीन तेवढं थांबवा.”

“किती येळ?”

“चहा होऊन, सगळ्यांचा पिऊन होईपर्यंत. मग तुम्हीच हात लावून बघा.”

“पीठ वाळंल.”

“ओलं फडकं टाका. मी सांगते ते एवढं एकदा ऐका. मग बत्तीसचा काय, चौसष्टचा मागा.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा कसा झाला होता कुणास ठाऊक. त्या वळल्या आणि बायकांना म्हणाल्या, “बंद करा गं.”

चहा झाला. गंगाक्कांचा उपास, त्यांनी नुसतं पाणी घेतलं. बायकांनी तोपर्यंत पीठ चाळून घेतलं. भिंत लवकर गार होत नाही, म्हणून मी मुद्दाम कुणाच्या नणंदेची, कुणाच्या जावेची चौकशी काढली. मला त्यात काडीचा रस नव्हता. माझं लक्ष पॅसेजकडं होतं. मनात भीतीही होती. समजा खरंच दिव्यानंच तापत असली तर? मग माझी जी फजिती व्हायची ती नळदुर्गपर्यंत ऐकू गेली असती.

शेवटी गंगाक्काच उठल्या. डाव्या हातानं पदर सावरला आणि उजवा तळहात, खांदा दुखत असताना, भिंतीला लावला. काढला. पुन्हा लावला. जरा वर, जरा खाली. मग देवघराच्या दारात जाऊन आत बघितलं.

“दिवा जळतोय,” त्या म्हणाल्या.

“होय, अक्का.”

“मग ऊब कुठं गेली?”

मी मागच्या खोलीतल्या बंद मशीनकडं बोट केलं. त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या, मग खाली वाकून भाकरीच्या चवडी एका हातानं भिंतीपासून ओढायला लागल्या. सुवर्णा धावली. बाकीच्या बायका धावल्या. सगळ्या चवडी ओसरीत नेल्या.

“आमी हिच्या पाया पडत व्हतो,” गंगाक्का मला म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. “माझी नातवंडं इथनं पळतात, शकिला.”

मग मी लगेच कामाला लागले. घट बसलेत, आता या भिंतीला छिन्नी लावायची नाही, असं गंगाक्कांनी सांगितलं. मला ती लावायचीही नव्हती. जुनी वायर दोन्ही टोकांना सोडवून मेली करून टाकायची आणि बोर्डापासून मशीनपर्यंत नवी, अखंड, सहाची वायर बाहेरच्या पाइपातून न्यायची. प्रश्न एकच होता. जवळचा रस्ता घराच्या दर्शनी भिंतीवरून, बरोबर दारावरून जात होता. त्या भिंतीला दिवाळीआधीच नवा रंग दिलेला, तोही गंगाक्कांच्या पुण्यातल्या मुलानं, प्रकाशनं, स्वतः निवडून.

फोन लावला. प्रकाश म्हणाला, “ताई, समोरून पाईप नको. लई खराब दिसंल. मागून न्या ना.”

“मागून गोठ्यावरून फिरवून न्यावी लागेल. लांब होते, उन्हात पडते, जनावरं घासतात.”

“दिवाळीला मी येतो, तेव्हा बघू. तोवर चालू द्या.”

गंगाक्कांनी माझ्या हातातून फोन घेतला. “परकाश, भित्त तापती,” त्या म्हणाल्या. “पाईप दिसंल तर दिसू दे. मला इचारायला फोन न्हाय केला, तुला सांगाया केला.”

मग तो म्हणाला, “ताईला दे. ताई, पांढरा पाईप मिळतो का? भिंतीला मॅच होणारा?”

मिळाला. दुपारपासून मी भिंतीला क्लिपा मारत होते. मीटरपासून येणारी मेन वायर आणि मेन स्विच आधी तपासून घेतला, कारण मागून ओझं वाढवायचं आणि पुढून गळा आवळलेला असं चालत नाही. तो पुरेसा होता. वीज कंपनीकडून मंजूर लोड वाढवून घ्या, नाहीतर मी पुन्हा येणार नाही, असं अण्णांना बजावलं. मशीनचं अंग लोखंडी, म्हणून अर्थिंगची वायर वेगळी ओढली. पत्र्याच्या खोलीत छोटा डबा बसवून तव्यांना एक खटका आणि मळायच्या मशीनला दुसरा दिला.

राहिला बोर्डातला. तेवीस ॲम्पियर दिवसभर चालणार, म्हणजे पंचविसाचा अगदी काठावर बसतो, तापून पडत राहतो. वायर सहाची, तिला बत्तीसचा झेपतो. त्यातही सी टाइपचा घ्यायचा, कारण मोटार सुरू होताना क्षणभर बराच जास्त करंट ओढते आणि बी टाइपचा तेवढ्यालाच घाबरून पडतो. मी पिशवी उघडली आणि सकाळपासून आत पडलेला ब्रेकर बाहेर काढला.

गंगाक्का शेजारीच उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नसलं तरी आकडे येतात.

“ह्यो बत्तीसचाच न्हवं?”

“होय.”

“मग सकाळपास्नं म्या काय म्हनत व्हते?”

बायका अशा हसल्या की एकीच्या हातातलं पिठाचं ताट सांडलं. मला आधी राग आला, मग मीही हसले. अण्णा तेवढे खाली वाकले. त्यांनी कडब्याचा तो तुकडा उचलला आणि गुपचूप गोठ्यात टाकला.

मशीन संध्याकाळी सुरू झालं ते चालत राहिलं. तामलवाडीची भाकरी वेळेवर गेली. खंडेनवमीला गंगाक्कांनी मशीनची पूजा केली तेव्हा माझ्या डब्यालाही हळदकुंकू लागलं. दसऱ्याला दारावरच्या त्या पांढऱ्या पाइपालाच झेंडूचं तोरण बांधलं. प्रकाशनं फोटो बघून लिहिलं, आता बरा दिसतो.

घट उठल्यावर मी भिंत फोडायला गेले. गिलावा आतून काळा पडला होता. टेपचा कोळसा झालेला, बोट लावलं की भुगा पडत होता. पिवळ्या वायरीचं प्लॅस्टिक वितळून तांब्याला चिकटलं होतं. देवघराच्या फळीचा मागचा कोपरा तांबूस झाला होता. गंगाक्कांनी अण्णांना बोलावून ते दाखवलं. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली.

खटका घ्यायला दुकानात येणाऱ्याला मी आता आधी विचारते, वायर कितीची, आणि दोन्ही टोकं बघितली का. लोक वैतागतात. एक खटका मागितला तर बाई खानदान विचारते, म्हणतात. म्हणू देत. ज्याला आपली वायर माहीत नाही त्याला मी मोठा खटका देत नाही, आणि वायर माहीत असणारा सहसा मोठा मागत नाही.

त्या वर्षापासून दर नवरात्रात घट बसले की सकाळी मला जळकोटहून फोन येतो. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. गंगाक्का दिवा लावतात, पॅसेजमध्ये येऊन भिंतीला हात लावतात, मग फोन करतात.

“शकिला, दिवा लावला. भित्त गार हाय.”

आणि ठेवून देतात.